तीन बोटांचा घेर

आमच्या मोठ्या भाऊजींना दर दोन वर्षांनी साक्षात्कार होतो. पहिला अळंबीचा झाला, तेव्हा माझ्या पलंगाखाली ओल्या भुशाच्या पिशव्या रचल्या गेल्या. दुसरा सशांचा. ससे वाढले, गिऱ्हाईक काही वाढलं नाही. तिसरा साक्षात्कार त्यांना एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणात झाला. तिथून गायीचं चित्र असलेली टोपी घालून आले, ती न काढताच जेवायला बसले आणि म्हणाले, "एक गाय, वर्षाला वीस वासरं."

"एका पोटात वीस मावतात का?" मी वाढता वाढता विचारलं.

"सांग हिला," भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वासरं आपल्या महाराणीची. पोटं दुसऱ्यांची."

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण भाऊजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी निरोप नवऱ्यामार्फत येतो. आणि आमचे हे असे, की तो निरोप मला सांगायचेही कष्ट घेत नाहीत. मी ऐकलंच असणार, मग कशाला तोंड दुखवा.

महाराणी म्हणजे आमच्या गोठ्यातली सगळ्यात उंच, सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात नखरेल गाय. साक्षात्कारानंतर तिच्या डोक्यावर पंखा आला, पायाखाली रबरी गादी आली. बैठकीच्या खोलीत तिचा फोटो लागला, आणि त्यासाठी सासऱ्यांचा फोटो जरा कोपऱ्याकडे सरकला. सासरे हयात आहेत. नव्या जागी खिळा त्यांनी स्वतःच ठोकून दिला.

या प्रकाराला भ्रूण प्रत्यारोपण म्हणतात. भाऊजी तो शब्द दिवसातून इतक्यांदा उच्चारायचे की त्यांना डिंक चघळल्यासारखं सुख मिळत असावं. काम असं: महाराणीला चार दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं द्यायची, म्हणजे तिची एकाऐवजी पुष्कळ बीजं सुटतात. ती माजावर आली की नामांकित वळूच्या वीर्याची कांडी भरायची. सातव्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊन तिचं गर्भाशय धुतात, त्या पाण्यातून डोळ्यांना न दिसणारे गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात आणि एकेक करून साध्या गायींच्या पोटात ठेवतात. त्या गायींना धारक म्हणायचं. नऊ महिने धारक सोसते आणि महाराणी पंख्याखाली रवंथ करते. बऱ्याच घरांत हेच चालतं, फक्त तिथे त्याला विज्ञान म्हणत नाहीत.

यात एक मेख आहे. धारक गाय महाराणीच्याच दिवशी माजावर आलेली हवी. एखादा दिवस मागेपुढे चालतो, त्याहून जास्त नाही. आणि कोणती गाय कधी माजावर आली ते ओळखायला आमच्याकडे यंत्र नाही. दिवसातून तीनदा अर्धा अर्धा तास गोठ्यात उभं राहायचं आणि बघत बसायचं, दुसरी अंगावर चढली तरी जागची हलत नाही ती कोण. ते डोळे माझे, ती वही माझी. पाहुण्यांपुढे भाऊजी या कामाला 'निरीक्षण यंत्रणा' म्हणायचे. निरीक्षण यंत्रणा त्याच पाहुण्यांना चहाही करून द्यायची.

गोठ्यात माझी अशी एकच गाय, ठेंगणी. माझी म्हणजे कागदावर नव्हे, कागदावर सगळं भाऊजींचं. हिची आई विताना मेली तेव्हा ही माझ्या गुडघ्याएवढी होती, मी बाटलीवर वाढवली, आणि उंचीच्या बाबतीत तिने पुढेही फारशी मजल मारली नाही. दूध बेताचं, डोळे तिरळे, स्वभाव माझ्यासारखा. भाऊजींनी जवळ जाऊन 'आयुष्यात काय केलंस' अशा नजरेने पाहिलं की ती शेपटीने उत्तर द्यायची.

"सांग हिला," एके दिवशी भाऊजी म्हणाले, "जी गाय धारक म्हणून पास होणार नाही ती विकायची. फुकट खाणारं तोंड गोठ्यात नको." हे बोलता बोलता त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

डॉक्टरीणबाई मापं घ्यायला आल्या. त्या कमी बोलणाऱ्या आणि कोपरापर्यंत हात घालून काम करणाऱ्या, त्यामुळे मला आवडायच्या. त्यांचा नियम पक्का होता. बुटक्या गायीच्या पोटात महाराणीच्या जातीचं दांडगं वासरू वाढलं तर ते बाहेर कुठून येणार, म्हणून छातीचा घेर एकशे सत्तर सेंटिमीटरच्या खाली असेल तर ती गाय नको. त्या एका बाजूला वाकायच्या, मी दुसऱ्या बाजूने फीत पुढच्या पायांमागून घेऊन वर त्यांच्या हातात द्यायची. चार धिप्पाड गायी आल्या आणि पास होऊन गेल्या. मग ठेंगणी आली.

मला आकडा न मोजताच ठाऊक होता. मी फितीखाली तीन बोटं घातली. आडवी नाही, उभी.

"एकशे एकाहत्तर," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी गाय भरली, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी मात्र मला वाटलं, मी किल्ला जिंकला. मी तिला दुप्पट चारा घातला.

गर्भ ठेवायच्या दिवशी आमच्या पाहुण्यांच्या खोलीची प्रयोगशाळा झाली. सूक्ष्मदर्शक माझ्या आरशाच्या टेबलावर, कारण घरात हलत नाही असं तेवढं एकच टेबल. फिनेल नको, पावडर नको, उदबत्ती नको, धूर नको. सासऱ्यांना खोकायला अंगणात पाठवलं. भाऊजींनी त्या खोलीच्या दारात उभं राहून मोबाइलवर भाषण केलं, त्यात 'क्रांती' हा शब्द चारदा आला. आत बाई बशीतले गर्भ शोधत होत्या. त्यांनी शेवटी मान वर न करताच "दार लावा" म्हटलं, तेव्हा क्रांती बाहेर राहिली.

पाच चांगले गर्भ निघाले, पाच गायींत ठेवले. पुढे तपासणी झाली तेव्हा चारही धिप्पाड देखण्या गायी रिकाम्या निघाल्या. एकटी ठेंगणी गाभण.

"मी आधीच म्हटलं होतं," भाऊजी म्हणाले, "हिच्यात दम आहे." असं त्यांनी कधीही म्हटलं नव्हतं. पण घोडं गंगेत न्हाल्यावर लगाम धरणारे खूप येतात, आणि त्यांतले बहुतेक आमच्या घरी राहतात.

मी हसत होते तोवर हसले. सहाव्या महिन्यात ठेंगणीचं पोट दोन्ही बाजूंना सुटलं. आठव्यात ती दारातून जाताना चौकटीला घासायला लागली. भाऊजी तिच्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "मोठं दांडगं आहे हं," आणि मी शेणाची पाटी उचलून बाहेर जायची. सांगायला हवं होतं. बाई दर महिन्याला यायच्या, मी दर महिन्याला ठरवायची, आणि भाऊजी शेजारी येऊन उभे राहिले की मूग गिळून गप्प बसायची. खरं बोलले तर गाय जाईल, नाही बोलले तर कदाचित गाय जाईल. कदाचितच्या आधारावर माणूस काय काय ढकलत नेतो, ते मला विचारा.

ती दुपारी वेणा द्यायला लागली. पुढचे दोन खूर दिसले, आणि ते पाहूनच माझी पाचावर धारण बसली. एवढे मोठे खूर मी नवजात वासराचे कधी पाहिले नव्हते. तास झाला तरी पुढे काही सरकेना. ठेंगणी उभी राहायची, बसायची, पुन्हा उभी राहायची, आणि तिच्या तोंडातून जो आवाज येत होता तो हंबरण्याचा नव्हता.

भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"मला अर्धा तास लागेल," बाई म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये घेर किती आहे हिचा?"

"एकशे एकाहत्तर," भाऊजींनी वाचलं.

"मग जागा पुरेल. पायांना दोर बांधा. ती कळ देईल तेव्हाच तिघांनी मिळून ओढा, माझी वाट बघू नका, वासरू गुदमरेल."

भाऊजींनी दोर आणला. माझ्या नवऱ्याने बाह्या सरसावल्या. सासरे मागे उभे राहिले. मला आठवतं, दोराची गाठ बसत होती आणि ठेंगणी मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिला काय ठाऊक बिचारीला. तिला वाटत होतं, ही उभी आहे म्हणजे ठीक होईल.

"बाई," मी फोनकडे तोंड करून म्हटलं, "तो घेर खोटा आहे. फितीखाली माझी बोटं होती. तीन."

फोनमध्ये गाडीचा आवाज येत होता.

"खरा किती?"

"एकशे पासष्ट असेल. जास्त नाही."

"दोर सोडा," बाई म्हणाल्या. "कोणीही हात लावायचा नाही. आता ओढलंत तर दोघंही जातील."

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांची भीती वाटेल असं मला वर्षभर वाटत होतं, ती अजिबात वाटली नाही. लाज वाटली, पण ती गायीची.

बाई पंचवीस मिनिटांत आल्या. डाव्या कुशीवरचे केस काढले, जागा बधिर केली आणि ठेंगणीला उभ्या उभ्याच उघडलं. मी तिचं तोंड छातीशी धरून होते. बाईंनी आणि माझ्या नवऱ्याने मिळून वासरू बाजूने बाहेर काढलं. कालवड होती, जिवंत, आणि आल्या आल्या तिने खोकून सगळ्यांच्या अंगावर उडवलं. भाऊजींनी आधी फोटो काढला आणि मग टॉवेल दिला.

टाके घालून झाल्यावर बाई नळावर हात धूत होत्या. मी साबण धरून उभी होते.

"पुन्हा असं केलंत तर मी या गोठ्यात पाऊल ठेवणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही करणार."

"आणि हिच्या पोटात आता काही ठेवायचं नाही. मोठं नाही, लहानही नाही. पुढच्या वेळेला ही उरणार नाही."

हे भाऊजींनीही ऐकलं. त्यांनी हिशेब लगेच मांडला. "सांग हिला," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "टाके वाळेपर्यंत राहू दे. मग व्यापाऱ्याला सांगतो. गाभण न राहणारी गाय म्हणजे नुसती शेणाची सोय. आणि घरात फसवणूक करणाऱ्या माणसाने यावर तोंड उघडू नये."

कालवडीला तिसऱ्या दिवशी ठेंगणीपासून तोडून पंख्याखाली नेलं. तिला महाराणीचं दूध बाटलीने पाजायचं ठरलं, कारण ठेंगणीच्या दुधाने जात बिघडेल असा भाऊजींचा शोध होता. नऊ महिने तिच्या रक्तावर वाढली तेव्हा जात कुठे गेली होती, कोण जाणे. ठेंगणी चार दिवस ओरडत होती. तिकडे फाटकाजवळ कालवडीचा मोठा फोटो लागला. शेजारी टोपीसकट भाऊजी, आणि खाली 'दूरदृष्टीचं फळ'. पाहुण्यांना ते सांगायचे की लहान गाय मुद्दाम निवडली, चारा कमी लागतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे ठीक, पण आपली चूकसुद्धा दूरदृष्टी, हे मात्र भाऊजींनाच जमावं.

मी तोंड उघडलं नाही. फक्त माझी वही त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि गोठ्यात उभं राहणं बंद केलं.

"यात काय अवघड आहे," भाऊजी वहीला म्हणाले. मी घरात असूनही आता मध्यस्थ म्हणून वही चालत होती.

महाराणीची दुसरी फेरी ठरली. इंजेक्शनं सुरू झाली. भाऊजी दिवसातून तीनदा खुर्ची घेऊन गोठ्यात बसायचे. उंटावरून शेळ्या हाकता येतात, खुर्चीवरून माज ओळखता येत नाही. गायी त्यांच्याकडे बघायच्या, ते मोबाइलकडे. एके सकाळी चारा यायला उशीर झाला, गायींनी गोंधळ घातला, एकमेकींना ढुशा दिल्या, आणि भाऊजींनी सुंदर अक्षरात लिहिलं: चारही धारक माजावर, महाराणीसोबत, एकाच दिवशी. निसर्गाने एवढी शिस्त कधी पाळलेली नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि भांडी विसळत राहिले.

सातव्या दिवशी, शनिवारी, बाई आल्या. व्यापाऱ्याची गाडी सोमवारी येणार होती. बाईंनी महाराणीचं गर्भाशय धुतलं आणि माझ्या आरशाच्या टेबलावर आठ उत्तम गर्भ निघाले. मग त्या धारक गायी तपासायला गोठ्यात गेल्या. पहिलीत हात घातला, काढला. दुसरीत घातला, काढला. तिसरीपाशी जरा जास्त वेळ थांबल्या.

"ही माजावर आली होती?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

"स्वतः पाहिली."

"दोन महिन्यांची गाभण आहे."

भाऊजींच्या टोपीवरची गाय हसतेय की काय असं मला वाटलं. पहिल्या दोघींसारखाच चौथीचाही दिवस जुळत नव्हता. शेजारच्या वळूने कुंपण केव्हा ओलांडलं, हा शोध भाऊजींनी पुढे महिनाभर घेतला.

"म्हणजे एकही नाही," बाई म्हणाल्या. "आठ गर्भ आहेत. इथे गोठवायची सोय नाही. दोन-तीन तासांत ठेवले नाहीत तर फेकावे लागतील."

मग त्यांची नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे ठेंगणी उभी होती, डाव्या कुशीवर लांब व्रण. "हिच्यात एक तरी ठेवून बघा," भाऊजी म्हणाले. बाईंनी तिच्यात हात घातला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "हिचा माज केव्हाचा?"

बरोबर सात दिवसांपूर्वीचा. वही नव्हती म्हणून काय झालं, डोळे तर होतेच. मागच्या शनिवारी सकाळी दुसरी अंगावर चढली तरी ती महाराणीच्या रांगेत नुसती खांबासारखी उभी होती, मी पाण्याची बादली घेऊन जाताना पाहिली होती. गोठ्यात जुळणारी तेवढी एकच गाय. मी एक शब्द बोलले असते तर सोमवारची गाडी रिकामी परत गेली असती आणि भाऊजींनी तिच्याही डोक्यावर पंखा लावला असता. पुढचे नऊ महिने.

"लक्षात नाही," मी म्हटलं.

माझ्या लक्षात नाही असं या गोठ्यात आजवर काही घडलेलं नव्हतं, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, व्रणाकडे पाहिलं आणि हातमोजा काढला. "मग नाइलाज," म्हणाल्या. जाताना भाऊजींना एवढंच सांगून गेल्या, "वही ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे परत द्या. नाहीतर मला बोलावू नका."

संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघरात आले. एकटेच. चौदा वर्षांत त्यांनी हा उंबरा कधी ओलांडला नव्हता, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते त्यांना कळेना. शेवटी ते फ्रिजला टेकले. टोपी हातात होती.

"उद्यापासून तू बघ गोठ्यात," ते म्हणाले आणि वही ओट्यावर ठेवली.

"ठेंगणी?"

"सोमवारी गाडी यायची आहे. शब्द दिलाय."

"मग वही तुमच्याकडेच राहू दे."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. चिडलेले नव्हते, खरंच गोंधळलेले होते. "अगं, ती गाभण राहायची नाही. दूध आटत चाललंय. उंची ही अशी. मला एक सांग, त्या गायीचा या घरात उपयोग काय?"

मला टोमणे भरपूर येतात. भाऊजींसाठी तर मी वर्षानुवर्षं साठवून ठेवले होते, ताजे, धार लावलेले. त्यांतला एकही तोंडात येईना.

"रोज धार काढताना मी तिच्या पोटाला डोकं टेकते आणि दिवसभरात काय झालं ते तिला सांगते," मी म्हटलं. "ती उभी राहून ऐकते. या घरात दुसरं कोणी माझं ऐकत नाही."

गॅसवर भात उकळत होता. मी वळून आच कमी केली, कारण तोंड दुसरीकडे करायला तेवढंच निमित्त होतं. मग भाऊजींनी नंबर लावल्याचं ऐकू आलं.

"सोमवारी येऊ नका," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "नाही, किमतीचा प्रश्न नाही. ती गाय आमच्या घरात लागते."